देवघर मोठे की घर?

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडावयाचे, त्याचा कडू रस जिभेला लावावयाचा आणि मगच फराळाला बसावयाचे, अशी आमच्या कोकणात चाल आहे. संपादकांनी माझ्याकडे कुटुंब या विषयावर दिवाळीला शोभेलसे काहीतरी लिहून मागितले. त्यांच्या मनात करंजी असावी. मी कारीट घेऊन आले आहे. थेंबभरच आहे. पुढे अंकात गोडधोड पुष्कळ मिळेल.

मी मॅट्रिकपलीकडे शिकले नाही. एका खासगी शाळेत लहान मुलांना शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. तेव्हा कोणत्याही शास्त्रातला अधिकार मी सांगू इच्छीत नाही. दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी बिनपगारी रजा काढून मी अमेरिकेत युटा राज्यात चार महिने राहिले, आणि तेथे शेजारी एक मॉर्मन कुटुंब होते, एवढेच माझे भांडवल.

तेथे एका मराठी घरी सत्यनारायण होता. प्रसादाची वाटी हातात घेऊन एक गृहस्थ मला म्हणाले, ‘‘ताई, इथे तुम्हांला अजिबात परके वाटणार नाही. हे मॉर्मन लोक अगदी आपल्यासारखे. दारू नाही, सिगारेट नाही, घरात चार-पाच मुले, वडीलधाऱ्यांचा मान. नाहीतर बाकीची अमेरिका!’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग त्याच ओघात भारतातल्या आजच्या तरुण पिढीचा उद्धार झाला, आणि कुटुंबसंस्था टिकवावयाची तर मुलांना धाक हवा, असा ठराव शिऱ्याबरोबर सर्वानुमते गिळला गेला. हे ‘अगदी आपल्यासारखे’ पुढे मी इतक्या तोंडांतून ऐकले, की त्याच्याशी भांडण काढल्यावाचून मला राहवेना. ते आपल्यासारखे आहेत, ही गोष्ट खरीच आहे. पण कोणत्या बाबतीत, हे ही मंडळी सांगत नाहीत.

या पंथाचे खरे नाव लांबलचक आहे : चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. आम्हांला मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव घ्या, असे त्यांच्या अध्यक्षांनी २०१८ साली जगाला सांगितले. त्यांची क्षमा मागून मी जुनेच नाव वापरते, कारण वाचकांना तेच ओळखीचे. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. आजूबाजूच्यांना तो मानवला नाही. गावोगावहून या लोकांना हुसकावून लावण्यात आले, आणि १८४४ साली कार्थेज गावच्या तुरुंगात शिरून जमावाने जोसेफ स्मिथला गोळ्या घातल्या. मग ब्रिगहॅम यंगच्या मागोमाग ही माणसे पश्चिमेकडे निघाली. २४ जुलै १८४७ रोजी तो सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरला. पुढे १८५६ साली, ज्यांना बैलगाड्या परवडत नव्हत्या अशी माणसे हातगाड्यांवर संसार लादून पायी निघाली. त्यांतल्या उशिरा निघालेल्या दोन तांड्यांना वायोमिंगमध्ये बर्फाने गाठले आणि दोनशेंहून अधिक माणसे वाटेतच गेली. २४ जुलैला तेथे आजही मिरवणूक निघते. हातगाडी ओढीत चाललेली लहान मुले मी त्या मिरवणुकीत पाहिली, आणि खरे सांगते, माझे डोळे भरून आले. ज्यांच्या पणजा-खापरपणजांना घराबाहेर काढले गेले अशी ही माणसे आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

बहीण इस्पितळातून घरी आली त्या दिवसापासून आठवडाभर रोज संध्याकाळी पाच वाजता दारावर थाप पडे. रोज नवी बाई आणि हातात झाकलेले भांडे. मॉर्मन बायकांची ‘रिलीफ सोसायटी’ नावाची संस्था १८४२ सालापासून चालत आलेली आहे. बाळंतीण असो, आजारी असो, कोणाच्या घरी मृत्यू झालेला असो, या बायका अन्न पोचवतात. आमची धाकटी त्यांच्या धर्माची नाही, व्हावयाची नाही, हे ठाऊक असूनही त्या आल्या. एके दिवशी हिरवीगार, थरथरणारी जेली आली, तीत किसलेले गाजर. युटाच्या विधिमंडळाने २००१ साली ठराव करून ‘जेल-ओ’ला राज्याचा अधिकृत खाऊ ठरवले आहे, हे मला मागाहून कळले. ‘‘ताई, खाऊ नकोस, तीत हाडांचा अंश असतो,’’ असे धाकटी मराठीत पुटपुटली आणि मी तोंडभर हसून भांडे हातात घेतले. पण आमच्या इमारतीत गेल्या वर्षी एक परप्रांतीय बाई बाळंत झाली, तेव्हा तिच्या दारावर कोणी थाप मारली? मी मारली नव्हती.

शेजारच्या बाई साठीच्या आसपासच्या, पाच मुलांची आई. यजमान दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे गेले की चहाची पंचाईत. १८३३ सालच्या एका ईश्वरी वचनाच्या आधारे हे लोक दारू-तंबाखूबरोबर चहा-कॉफीही वर्ज्य मानतात. मला गरम कोको मिळे. चहावाचून गप्पा रंगू शकतात, हे मला चाळिशी उलटल्यावर प्रथमच कळले.

मला मोह पडला तो त्यांच्या सोमवारचा. सोमवारची संध्याकाळ घरच्यांची. १९१५ सालापासून त्यांचे धर्मगुरू हे सांगत आले, आणि १९७० साली सोमवार हाच वार सगळीकडे ठरवून टाकण्यात आला; त्या संध्याकाळी चर्चचे स्वतःचेसुद्धा कार्यक्रम ठेवावयाचे नाहीत. मला त्यांनी चार-पाच वेळा बोलावले. लग्न झालेली मुलगी नवऱ्या-मुलांसह येई. सगळ्यांचे फोन दाराशी एका टोपलीत जात. एक गाणे, धर्मग्रंथातला एखादा उतारा, मग येत्या आठवड्यात कोणाला कोणाची मदत हवी आहे याची चौकशी, एखादा खेळ आणि शेवटी गोड खाऊ. फार उदात्त काही घडत होते, असे वाचकांनी समजू नये. डॉक्टरसाहेब उताऱ्याच्या वेळी हटकून पेंगत. एक नातू टेबलाखाली शिरून सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या एकमेकींत गुंतवीत असे. शेंडेफळ अठरा वर्षांचे होते. त्याचा डोळा सदैव टोपलीकडे. तरी तो तास पुरा होई. आपण ‘कुटुंबसंस्था’ या शब्दावर व्याख्याने देतो. या लोकांनी आठवड्यातला एक तास बाजूला काढला आहे. आपल्याकडे दिवेलागणीला शुभंकरोती होती, ती मालिकांच्या वेळेला आडवी आली म्हणून गेली, आणि ती घालवणारी मुले नव्हती.

तसाच त्यांचा उपास. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण सोडावयाचे आणि वाचलेला पैसा गरिबांसाठी द्यावयाचा. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण त्यांच्या भाषेत कशी सांगावी, ते मला साधले नाही.

बाईंची मते स्पष्ट असत, आणि ती त्या आढेवेढे न घेता सांगत. दिवाणखान्याच्या भिंतीवर चौकटीत बसवलेले एक पत्रक होते. कुटुंबाविषयीचे हे जाहीरपत्रक त्यांच्या चर्चने सप्टेंबर १९९५ मध्ये काढले. विवाह हा स्त्री आणि पुरुष यांचाच. पित्याने घराचे नेतृत्व करावे, पोषण करावे. मुलांचे संगोपन हे मुख्यतः आईचे काम. आणि तरीही दोघे बरोबरीचे भागीदार. बाई स्वतः परिचारिका झालेल्या. पहिल्या मुलाच्या वेळी नोकरी सोडली ती सोडली. मी म्हटले, ‘‘हे पत्रक आमच्या घरात टांगलेले असते तर मी एकही पुस्तक लिहिले नसते.’’ त्या म्हणाल्या, ‘‘माझी पाच पुस्तके रोज जेवायला मागत होती.’’ यावर मी हसले; परंतु हसू आले म्हणजे मुद्दा पटला असे नव्हे, आणि तसे मी त्यांना सांगितलेही. ज्या युटामध्ये बायकांनी १८७० सालीच मतदान केले, तेथील बाईने हे पत्रक भिंतीवर लावावे, याचे मला आजही कोडे आहे.

त्या पत्रकाच्या मुळाशी एक श्रद्धा आहे. देवळात विधिपूर्वक ‘बांधले’ गेलेले कुटुंब मरणानंतरही तुटत नाही; नवरा, बायको, मुले, नातवंडे अनंतकाळ एकत्र राहतात. आपल्या वटसावित्रीचा करार साताच जन्मांचा. ‘‘तुमच्याकडे सुटका आहे तर!’’ असे बाई म्हणाल्या, तेव्हा डॉक्टरसाहेबही जागे झाले.

भिंतीवर पाचही मुलांचे फोटो होते. थोरल्याचा फोटो काळ्या कोटातला, छातीवर नावाची पट्टी, धर्मप्रचाराला निघाला त्या दिवशीचा. सोमवारी त्याचे नाव कोणी घेत नसे. चौथ्या की पाचव्या सोमवारी, सगळे गेल्यावर, मी विचारले. विचारावयास नको होते. पण कादंबरी लिहिणाऱ्या बाईला ही खोड असतेच.

थोरला धर्मप्रचार करून परत आला, वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने त्याचे देवळात लग्न झाले, एक मुलगी झाली. मग त्याने बायकोला आणि आईबापांना सांगितले, की आपले मन पुरुषाकडे ओढते. हे लहानपणापासून आहे. लग्नाने जाईल असे सांगण्यात आले होते, ते गेले नाही. सामोपचाराने काडीमोड झाला. मुलगी बापापाशी राहिली. २०१५ साली त्याने एका पुरुषाशी कायदेशीर लग्न केले. आईबाप लग्नाला गेले नाहीत. पण नात सुट्टीत येत राहिली. मॉर्मन मुलांचा बाप्तिस्मा आठव्या वर्षी होतो. हिचा आणि तिच्या एका मावसबहिणीच्या वयाच्या आतेबहिणीचा एकाच दिवशी करावयाचा, असे ठरले होते. बापानेही मोकळ्या मनाने होकार दिला होता. आजीने दोघींसाठी पांढरे झगे शिवावयास घेतले.

आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये चर्चच्या अधिकाऱ्यांसाठी असलेल्या नियमपुस्तकात नवे कलम आले. समलिंगी विवाह केलेले सभासद धर्मत्यागी समजावेत. आणि अशा जोडप्याच्या घरात राहणाऱ्या मुलाला बाप्तिस्मा देऊ नये. मूल अठरा वर्षांचे झाले, त्या घरातून बाहेर पडले आणि अशा संबंधांचा त्याने स्वतः धिक्कार केला, तर वरिष्ठांच्या परवानगीने विचार करता येईल. त्यांच्यात स्थानिक धर्माधिकारी पगारी नसतो. गावातलाच कोणी गृहस्थ काही वर्षे ते काम पाहतो. त्या वर्षी ते काम आमच्या डॉक्टरसाहेबांकडे होते.

‘‘त्यांनी नातीला सांगितले?’’ मी विचारले.

‘‘नाही. त्यांना जमले नाही. मी सांगितले.’’

‘‘आणि तुम्ही काय केलेत?’’

‘‘झगा पुरा केला. घडी करून ठेवला.’’

४ एप्रिल २०१९ रोजी चर्चने ते कलम मागे घेतले. तीन वर्षे पाच महिने ते जगले. बाईंनी त्याच दिवशी नातीला फोन केला. ती अकरा वर्षांची झाली होती. ‘‘आजी, तो आता मला होणार नाही,’’ एवढेच म्हणाली.

आता माझे भांडण सांगते. ज्या धर्माचे सर्वांत मोठे आश्वासन म्हणजे कुटुंब तुटणार नाही हे, त्या धर्माने आठ वर्षांच्या पोरीला सांगावे, की आधी बापाचा धिक्कार कर आणि मग आमच्याकडे ये! आणि हे कोणी सांगावे? एकोणिसाव्या शतकात या मॉर्मन लोकांत बहुपत्नीकत्व होते. ते बरे होते असे मी कदापि म्हणणार नाही. अशा घरातल्या दुसऱ्या-तिसऱ्या बाईची हकिगत आपल्याकडेही ठाऊक आहे. १८७९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, धर्माचे नाव घेतले म्हणून कायदा मोडता येत नाही, असा निकाल दिला आणि तो देताना आपल्या सतीच्या चालीचा दाखला दिला. दाखला झोंबणारा असला तरी चुकीचा नव्हता. पण त्या कायद्याची अंमलबजावणी कशी झाली? पुरुष तुरुंगात गेले, बायका पोरांना घेऊन लपत फिरल्या. १८८७ च्या कायद्याने चर्चची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद झाली आणि युटातल्या बायकांचा मताधिकारही काढून घेतला गेला. तुमचे कुटुंब हे कुटुंबच नव्हे, असे सरकारने सांगितले म्हणजे घरातल्या लेकरांचे काय होते, हे या समाजाइतके अमेरिकेत थोड्यांनी भोगले असेल. त्यांनीच ते कलम लिहिले. सासुरवास भोगलेली सून सासू झाली की काय करते, ते आपल्याला कोणी शिकवावयास नको.

मॉर्मन मंडळी म्हणतात, हे मनुष्याचे नियम नव्हेत, ईश्वराचे. असतील. पण बहुपत्नीकत्व ईश्वराचे होते, ते १८९० साली सुटले, आणि १८९६ साली युटाला राज्याचा दर्जा मिळाला. काळ्या पुरुषांना धर्माधिकार नाही, हेही सव्वाशे वर्षे ईश्वराचे होते. १९७८ साली ते सुटले. जवळच्या माणसाचे लग्न देवळात लागत असता पंथाबाहेरचे आईबाप बाहेर ताटकळत बसत. आधी साधे लग्न लावून मग देवळात जावे, तर अमेरिकेत वर्षभर थांबण्याची शिक्षा होती. तीही २०१९ साली गेली. धर्मप्रचाराला गेलेल्या मुलाने वर्षातून दोनदाच आईला फोन करावा, हा दंडकही त्याच वर्षी सुटला. बदल झाला याबद्दल मी त्यांचे अभिनंदन करते. आपल्याकडे कित्येक गोष्टी अजून सुटावयाच्या आहेत. परंतु प्रत्येक वेळी आईबापांना सांगितले गेले होते, की हे अढळ आहे. आणि त्यांनी त्या अढळ गोष्टीपायी पोटच्या पोराला खाली मान घालावयास लावली. नियम बदलतो तेव्हा नियम करणाऱ्याचे काही जात नाही. घडी केलेला झगा आजीच्या कपाटात राहतो.

आणखी एक विलक्षण गोष्ट. हे लोक मेलेल्यांनाही बाप्तिस्मा देतात. जिवंत माणूस त्यांच्या वतीने पाण्यात बुडी घेतो. गेलेल्या आत्म्याने तो स्वीकारावा वा नाकारावा, असे त्यांचे म्हणणे. यापायी त्यांनी वंशावळी जमवण्याचा प्रचंड उद्योग १८९४ सालापासून चालवला आहे. डोंगर पोखरून केलेल्या तळघरात जगभरच्या नोंदींच्या फिती ठेवल्या आहेत. ज्यूंच्या संहारात मेलेल्यांच्या नावेही हे विधी झाल्याचे उघडकीस आले आणि १९९५ साली, असे पुन्हा करणार नाही, असा करार करावा लागला. आपल्या गांधीजींच्या नावेही असा विधी झाल्याची बातमी २०१२ साली वृत्तपत्रांत आली होती. गांधीजी ते हसून सोडून देतील. पण मला हसू येत नाही. गेलेल्यांना नावनिशीवार शोधून आत बोलवावयाचे आणि समोर उभी असलेली नात बाहेर!

हे सारे मी बाईंना, धाकटीला दुभाषी करून, तावातावाने ऐकवले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी त्यांचा संगणक उघडला आणि हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या दाखवल्या. यात्रेकरूंच्या पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदी. त्यांच्या माणसांनी तेथे जाऊन त्यांची छायाचित्रे घेतली आहेत. ‘‘तुमच्याकडेही हे आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमच्या घरचे पान कोठे आहे?’’

आमच्या घरचे पान नाशिकला आहे. मी तेथेच गप्प झाले.

२०११ साली वडील गेले. क्रियाकर्मासाठी आम्ही नाशिकला गेलो. तीर्थोपाध्यायांनी लांबोडकी वही काढली, आजोबांची सही दाखवली, वडिलांच्या नावाखाली माझ्या भावाचे नाव लिहिले आणि जुन्या पद्धतीने विचारले, ‘‘कुटुंबाचे नाव?’’ कुटुंब म्हणजे बायको. भावाने आदल्याच वर्षी मला आणि आईला सांगितले होते, की आपण लग्न करणार नाही, आणि का करणार नाही तेही. तो खाली पाहत राहिला. मी म्हणाले, ‘‘कुटुंब नाही.’’ उपाध्यायांनी तेथे एक आडवी रेघ मारली. त्यांचे काही चुकले नाही. शब्द माझे होते.

भाऊ पुण्यात असतो. गेली बारा-तेरा वर्षे त्याचा सोबती त्याच्याबरोबर राहतो. भाऊबिजेला भाऊ येतो. मी त्याला दरवर्षी फोनवर सांगते, ‘‘ये हं. एकटाच ये, आईला त्रास नको.’’ तो एकटाच येतो. येताना एक पितळी डबा आणतो. त्याच्या सोबत्याच्या हातचे चिरोटे असतात. पाकातले, पदर सुटलेले, तसे आमच्या घरात कोणालाच जमत नाहीत. आम्ही ते मिटक्या मारीत खातो. डबा रिकामा परत देऊ नये म्हणून त्यात चकल्या भरून देतो. चिरोट्यांना आमच्या घरात मज्जाव नाही.

६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा माणसांना गुन्हेगार ठरवणारे दीडशे वर्षांचे कलम रद्दबातल केले. त्या संध्याकाळी भावाचा फोन आला. ‘‘ताई, बातमी पाहिलीस का?’’ मी म्हणाले, ‘‘पाहिली. आईच्या गोळ्या संपत आल्यात, येताना घेऊन ये.’’ पुढे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने अशा विवाहांना मान्यता देण्याचे नाकारले. त्या दिवशी त्याने फोन केला नाही. मीही केला नाही.

आमच्या एका पुरोगामी स्नेह्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘‘पाहा, म्हणूनच म्हणतो, धर्मच सोडला पाहिजे.’’ हेही मला पटत नाही. आमच्या घरात धर्म होता कोठे? वडील देवळाची पायरी चढत नसत. देव्हाऱ्यात फूल पडले तर पडले. कोणत्याही धर्मगुरूने मला कलम लिहून दिले नव्हते, की भावाला एकट्यालाच बोलाव. मी ते आपखुशीने लिहिले. शेजारच्या बाई निदान ज्याला देव मानतात त्याच्यापुढे वाकल्या. मी चाळीतल्या खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंच्या भुवयांपुढे वाकले. आणि बाळंतिणीच्या दाराशी आठवडाभर जेवण आणणाऱ्या त्या बायका, तो सोमवारचा तास, हेही त्याच धर्मातून आलेले आहे. त्या धर्मातल्याच काही आया अशा मुलांच्या पाठीशी उभ्या राहिल्या आहेत. स्वतःला त्या ‘मामा ड्रॅगन्स’ म्हणवतात. २०१९ चा बदल आपोआप झाला, असे मला वाटत नाही.

तेव्हा सत्यनारायणाच्या प्रसादाबरोबर ‘अगदी आपल्यासारखे’ म्हणणाऱ्या गृहस्थांना माझे सांगणे असे : होय, अगदी आपल्यासारखे. पंगत मोठी, वाढणारे हात सढळ, आणि पाट कोणाला मांडावयाचा याची यादी आधी कोणा तिसऱ्याला दाखवून आणलेली. महाराष्ट्रात जातपंचायतींनी घरेच्या घरे वाळीत टाकावीत, आणि ते थांबवावयास २०१६ साली आपल्याला निराळा कायदा करावा लागावा, हे आपण इतक्या लवकर विसरलो काय? त्या वाळीत टाकलेल्या घरांनाही आईबाप होते, मामा-मावश्या होत्या. त्यांतल्या किती जणांनी, मला पंचायत नको, माझी लेक हवी, असे म्हटले? लक्ष्मीबाई टिळकांचा नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला. कर्मठ घरातली ती बाई काही वर्षे वेगळी राहिली, रडली, भांडली. पण आधी नवऱ्याकडे गेली, धर्माचा विचार तिने मागाहून स्वतःच्या बुद्धीने केला. ‘स्मृतिचित्रे’ आपण शाळेत शिकवतो. धडा होतो, प्रश्नोत्तरे होतात, आणि घरी येऊन आपण यादी काढून बसतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी बाईंनी मला तो झगा दाखवला. साधा, पांढरा, गळ्याशी बारीक पांढऱ्याच दोऱ्याची वेलबुट्टी. त्या आजही दर रविवारी चर्चला जातात, मिळकतीचा दहावा हिस्सा देतात, भिंतीवरचे पत्रक भिंतीवर आहे. मात्र त्या वर्षीच्या नाताळात थोरला आणि त्याचा जोडीदार दोघेही प्रथमच घरी यावयाचे होते, आणि कोणत्या खोलीत झोपवावे याची त्यांना चिंता लागली होती. मी म्हटले, पाहुण्यांची खोली आहे ना? त्या म्हणाल्या, ‘‘तीत दोन वेगळे पलंग आहेत. ते जोडून ठेवू का तसेच राहू देऊ?’’ मला उत्तर सुचले नाही. धाकटीने भाषांतर करावयाचेही सोडून दिले होते.

यंदा गणपती उठले त्या आठवड्यात मी भावाला पत्र टाकले. फोनवर बोलले असते तर पुन्हा औषधांचाच विषय निघाला असता. पत्राच्या मायन्यात दोघांची नावे घातली; दुसरे नाव लिहिताना शुद्धलेखन नक्की माहीत नव्हते, इतक्या वर्षांत मी ते कधी लिहिलेच नव्हते. भाऊबिजेला दोघांनी यावे, असे लिहिले. आईला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘घरात पाट एकच धड आहे. दुसऱ्याची फळी निखळली आहे.’’ ही संमती की कुरकुर, मला कळले नाही. सुताराला बोलावले आहे.

हा लेख छापावयास देते आहे तोवर पत्राचे उत्तर आलेले नाही. गेल्या वर्षीचा पितळी डबा अजून आमच्याकडेच आहे.